ट्रम्प यांचे कोणते चरित्र आधी वाचावे?

डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर इतकी पुस्तके निघाली आहेत की, त्यांचे एकच चिकित्सक चरित्र वाचण्याएवढी सवड असलेला वाचक गोंधळून जातो. माझ्या मते त्याने दोन पुस्तकांतून निवड करावी. पहिले ‘ट्रम्प रिव्हील्ड’, जे ऑगस्ट २०१६ मध्ये, म्हणजे मतदानाच्या अडीच महिने आधी आले. दुसरे ‘कॉन्फिडन्स मॅन’, जे ट्रम्प यांची अध्यक्षपदाची पहिली कारकीर्द संपल्यावर, ऑक्टोबर २०२२ मध्ये आले.

‘ट्रम्प रिव्हील्ड’वर मायकेल क्रॅनिश आणि मार्क फिशर यांची नावे असली, तरी त्यामागे ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या वीसहून अधिक वार्ताहरांनी काही महिन्यांत केलेले काम आहे, आणि ही घाई प्रकरणाप्रकरणाच्या बदलत्या सुरातून जाणवतेही. त्याचे मोल आहे ते पुराव्यांच्या मांडणीत. कृष्णवर्णीयांना भाड्याने घरे नाकारली जातात, असा दावा १९७३ साली अमेरिकेच्या न्याय खात्याने ट्रम्प पितापुत्र आणि त्यांच्या कंपनीवर लावला; ट्रम्प यांनी वकील रॉय कोन यांना हाताशी धरून सरकारवरच दहा कोटी डॉलरचा प्रतिदावा ठोकला आणि अखेर १९७५ मध्ये, दोष कबूल न करता, तडजोड केली. अशा प्रसंगांत कागद काय सांगतात आणि उमेदवार काय सांगतो, हे वाचकाला शेजारी शेजारी ठेवून पाहता येते, कारण ट्रम्प यांनी या चमूला वीस तासांहून अधिक मुलाखती दिल्या होत्या. टीकात्मक चरित्राला ही शिस्त हवीच, विशेषतः ज्याच्या नावावरून घराघरांत तट पडतात अशा माणसाच्या.

मॅगी हेबरमन यांचे ‘कॉन्फिडन्स मॅन’ मात्र एकहाती लिहिलेले आणि म्हणून अधिक एकसंध आहे. न्यूयॉर्कच्या खपाऊ दैनिकांत उमेदवारी करून ‘न्यूयॉर्क टाइम्स’पर्यंत पोहोचलेल्या या बाईंना ते शहर आतून ठाऊक आहे. बांधकाम व्यावसायिक, पक्षाचे स्थानिक सुभेदार आणि बातमीला हपापलेली दैनिके यांच्यात सत्तरऐंशीच्या दशकांत ट्रम्प जे शिकले, तेच त्यांनी व्हाइट हाउसमध्ये वापरले, हे त्यांचे प्रतिपादन मला पटते. हेबरमन यांच्याशी बोलणे म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाशी बोलण्यासारखे आहे, असे ट्रम्प यांनी म्हटल्यावर त्या ही स्तुती मनावर घेत नाहीत. ट्रम्प सगळ्यांनाच तसे वागवतात, असे त्या नोंदवतात. परंतु व्हाइट हाउसमधील अनेक प्रसंग नाव न सांगणाऱ्या व्यक्तींच्या हवाल्याने येतात आणि तेथे वाचकाला लेखिकेच्या शब्दावरच विसंबावे लागते. काही महत्त्वाच्या बातम्या त्यांनी पुस्तकासाठी राखून ठेवल्या, हा आक्षेपही गंभीर आहे.

स्वतःचे मत बनवायचे असलेल्या वाचकाने ‘ट्रम्प रिव्हील्ड’ घ्यावे. २०१६ नंतरचे त्यात काही नाही, हे उणे धरूनही मी तेच आधी सुचवीन. ज्याला घटनाक्रम ठाऊक आहे आणि स्वभावाचा उलगडा हवा आहे, त्याच्यासाठी हेबरमन.

फक्त पैशाचा माग काढायचा असेल, तर रस ब्यूटनर आणि सुझॅन क्रेग यांचे २०२४ चे ‘लकी लूझर’ या दोहोंपेक्षा सरस आहे. वडिलांची संपत्ती, दूरचित्रवाणीवरील प्रसिद्धी आणि नाव वापरू देण्याचा व्यवसाय यांचा हिशेब त्यात आहे. पुण्यात कल्याणीनगरला ट्रम्प नावाचे मनोरे पाहणाऱ्यांना यांतला शेवटचा भाग जवळचा वाटेल.