हृदयातल्या मूर्ती : चाळीस दिवसांच्या एका बायबल अभ्यासक्रमाविषयी

मूर्तिपूजा या विषयावरचा चाळीस दिवसांचा एक बायबल अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला आणि त्याबद्दल सविस्तर लिहावे असे तेव्हापासून मनात आहे. अभ्यासक्रम मोबाइलवरच्या ॲपमधून चालतो. रोज एक शास्त्रपाठ, त्यावर सुमारे बारा मिनिटांचे ध्वनिमुद्रित विवेचन, एक प्रश्न आणि उत्तर लिहिण्यासाठी कोरी जागा, अशी त्याची रचना आहे; शिवाय आठवड्यातून एकदा सात-आठ जणांचा गट एका मार्गदर्शकासोबत व्हिडिओवर भेटतो. या धर्तीचे अभ्यासक्रम आता अनेक ठिकाणी उपलब्ध आहेत आणि माझे बरेचसे म्हणणे त्या सर्वांना लागू पडेल असे वाटते, म्हणून येथे नाव देत नाही.

मूर्तिपूजा हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांसमोर लाकडाची किंवा धातूची आकृती येते आणि तिच्यापुढे वाकलेला माणूस हा नेहमी कोणीतरी दुसराच असतो. अभ्यासक्रमाने पहिल्याच दिवशी ही सोय काढून घेतली, हा त्याचा मोठा गुण. सुरुवात दहा आज्ञांपासून होईल असे मी धरून चालले होते, पण पहिला पाठ निघाला यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या चौदाव्या अध्यायाचा. इस्राएलाचे काही वडीलजन संदेष्ट्यापुढे येऊन बसतात, परमेश्वराचा शब्द ऐकायला म्हणून येतात, आणि परमेश्वर संदेष्ट्याला सांगतो की या माणसांनी आपल्या हृदयातच मूर्ती स्थापल्या आहेत. ही माणसे उपासना सोडून गेलेली नाहीत, ती देवाचा सल्ला घ्यायला आली आहेत. दुसऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी हा विषय वापरू पाहणाऱ्याला या अभ्यासक्रमात पुढे कुठेही तशी संधी मिळत नाही, आणि ते मला फार मोलाचे वाटते.

सोन्याच्या वासराला पूर्ण एक आठवडा दिला आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायाची ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली असल्यामुळे एवढा वेळ कशाला, असे आधी वाटले होते; पण याच आठवड्याने मला खिळवून ठेवले. अभ्यासक्रम चाळीस दिवसांचा का, याचा खुलासाही इथेच होतो. इस्राएल लोकांचा नेता मोशे पर्वतावर देवापाशी चाळीस दिवस आणि चाळीस रात्री होता आणि लोकांनी भजण्यासाठी केलेले वासरू त्याच मुदतीत घडले. लोकांची तक्रार वाचा : ज्याने आम्हाला मिसर (इजिप्त) देशातून आणले त्या मोशेचे काय झाले, ते आम्हाला कळत नाही. म्हणजे मूर्तीचा जन्म बंडखोरीपेक्षाही वाट पाहण्याच्या असह्यतेतून झाला. ज्याच्या भरवशावर आपण रानात आलो तो दिसत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही, आणि हाताने चाचपता येईल असे काहीतरी आत्ता, या क्षणी हवे आहे. विवेचन करणाऱ्या व्यक्तीने दोन बारकावे इतक्या शांतपणे उलगडले की मी तो भाग तीनदा ऐकला. वासरू तयार झाल्यावर ते घडवणारा मोशेचा भाऊ अहरोन जाहीर करतो की उद्या परमेश्वराप्रीत्यर्थ उत्सव आहे. नाव परमेश्वराचेच राहते, समोरची वस्तू मात्र बदललेली असते. दुसरा बारकावा सोन्याचा. गुलामगिरीतून निघताना मिसरी लोकांकडून मिळालेले सोने ही सुटकेची खूण होती, आणि कानांतली तीच कुंडले उतरवून वासरू ओतले गेले. पुढे मोशे जाब विचारतो तेव्हा अहरोन सांगतो की मी सोने अग्नीत टाकले आणि हे वासरू बाहेर आले. आपल्या हातांनी घडवलेल्या गोष्टीची जबाबदारी कशी झटकली जाते, ते या एका वाक्यात आहे.

त्यानंतरचे काही दिवस उपासनेच्या गरजेवर आहेत, आणि ख्रिस्ती विचाराचा गाभा इथे नीट मांडला गेला आहे. हिब्रू भाषेत कष्ट, सेवा आणि उपासना या तिन्हींसाठी ‘अवोदा’ हा एकच शब्द चालतो, एवढी एक गोष्ट कळली तरी निर्गमचे पुस्तक वेगळे दिसू लागते. मिसरचा राजा फारो याच्यासाठी विटा थापणे ही अवोदा आणि रानात परमेश्वराची उपासना करणे हीसुद्धा अवोदाच. माझ्या लोकांनी माझी सेवा करावी म्हणून त्यांना जाऊ दे, हे फारोला पुन्हा पुन्हा सांगितले जाते, त्यात सेवा करायची की नाही हा प्रश्नच नाही. धनी कोण, एवढाच प्रश्न आहे. प्रेषित पौलही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात असे म्हणत नाही की माणसांनी उपासना थांबवली. त्यांनी अदलाबदल केली, असे तो म्हणतो : निर्माणकर्त्याच्या जागी निर्मिलेली वस्तू ठेवली. माणूस हा भजणारा प्राणी आहे, ही भूक देवानेच त्याच्यात ठेवली आहे, आणि म्हणून ती रिकामी राहू शकत नाही, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन यांनी मानवी हृदयाची ही अस्वस्थता देवापाशीच विसावते असे लिहिले. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ मध्ये ‘माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत’ या पहिल्या आज्ञेचा अर्थ सांगताना म्हटले की तुमचे हृदय ज्याला चिकटते आणि ज्याच्यावर विसंबते तोच खरोखर तुमचा देव. आणि त्याच शतकातले दुसरे धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांनी मानवी मनाला मूर्ती घडवणारा अखंड चालणारा कारखाना म्हटले. अभ्यासक्रमात या तिघांचे म्हणणे एका ओळीत बांधलेले नाही, प्रत्येकाला स्वतंत्र दिवस दिला आहे, हे फार चांगले केले.

यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायातला सुतार मात्र जरा घाईने उरकला आहे. एकाच झाडाच्या अर्ध्या लाकडावर तो भाकर भाजतो, ऊब घेतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याला ‘मला वाचव’ म्हणतो, या वर्णनावर विवेचनात नुसते हसून पुढे जाण्यासारखे झाले आहे. खरे तर तो अध्याय फार करुण आहे. माझ्या उजव्या हातात आहे ते खोटे तर नाही ना, हा प्रश्न त्या सुताराला सुचत नाही, असे संदेष्टा म्हणतो, आणि त्या न सुचण्यात सगळी वेदना आहे. मूर्ती भजणारे मूर्तीसारखेच होतात, हे ११५व्या स्तोत्रातले वचन त्याला जोडून घेतले असते तर तो दिवस पुष्कळ भरीव झाला असता.

चोविसाव्या दिवसाचा पाठ हा संपूर्ण अभ्यासक्रमातला सर्वांत उत्तम पाठ आहे. गणना या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात सर्पदंशाने माणसे मरत असताना परमेश्वराच्याच आज्ञेने मोशे पितळेचा साप करून खांबावर टांगतो आणि त्याच्याकडे पाहणारा जगतो. एवढे आपल्याला ठाऊक असते. कित्येक शतकांनंतर, दुसऱ्या राजांच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, हिज्कीया राजा तोच साप फोडून त्याचे तुकडे करतो, कारण तोपर्यंत लोक त्याच्यापुढे धूप जाळत असत. त्याला नहुश्तान असे नाव होते. देवाने दिलेली, जीव वाचवलेली, जपून ठेवलेली वस्तू कुठल्या दिवशी मूर्ती झाली, हे कोणालाही सांगता आले नसते. विवेचनात एवढेच सांगून दीर्घ विराम घेतला आहे आणि मग योहानाच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायाकडे नेले आहे, जिथे प्रभू येशू आपल्या उंच केले जाण्याबद्दल बोलताना त्याच सापाची आठवण देतात. फुटलेल्या खुणेचा अर्थ शाबूत राहिला. पैसा, सत्ता, वासना यांना मूर्ती म्हणणे सोपे असते, कारण त्यांच्याविषयी आपल्या मनात आधीच किंतु असतो. कुटुंब, सेवाकार्य, मंडळीतले स्थान, स्वतःची नीतिमत्ता, अगदी प्रार्थनेत मिळणारे समाधान, या देवाच्या देणग्या जेव्हा देवाची जागा घेतात तेव्हा त्या ओळखू येत नाहीत. हे मला आजवर कोणी इतक्या स्पष्टपणे सांगितले नव्हते.

आता ज्या गोष्टीमुळे मी एक तारा कमी देत आहे ती सांगते. तिसऱ्या आठवड्यापासून एक कसोटी वारंवार येते : जे हातातून गेले तर तुम्ही कोसळून पडाल, ती तुमची मूर्ती. आमच्या गटात एक बाई होत्या, ज्यांचे पती वर्षभरापूर्वी वारले होते. हा प्रश्न मोठ्याने वाचला गेला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून समोर ठेवला आणि थोड्या वेळाने त्यांच्या नावाच्या जागी पडदा काळा झाला. त्या संध्याकाळी त्या परतल्या नाहीत. मार्गदर्शकांनी नंतर त्यांना फोन केला, हे मला माहीत आहे आणि ते योग्यच झाले. पण दोष मूळ प्रश्नातच आहे. कोसळणे हे प्रेमाचे लक्षण असू शकते. मरण पावलेला मित्र लाजर याच्या कबरीपाशी प्रभू येशू रडले, आणि ते क्षणभरातच त्याला उठवणार होते. शोकाला मूर्तिपूजा ठरवणारी कसोटी शास्त्राच्या आधारावर टिकत नाही, आणि दुखऱ्या माणसाच्या हाती ती दिली तर त्याच्या दुःखात अपराधाची भर पडते. ऑगस्टीन यांनी प्रेमाच्या क्रमाविषयी जे लिहिले ते याच अभ्यासक्रमात दहा दिवस आधी येऊन गेले आहे : माणसांवर कमी प्रेम करायला कोणी सांगितलेले नाही, देवावरचे प्रेम सर्वांत वर असावे आणि बाकीची प्रेमे त्याच्या उजेडात राहावीत, एवढेच अपेक्षित आहे. तो धागा इथे सुटला.

प्रतिमांविषयीच्या ऐतिहासिक वादाला एकच दिवस मिळाला आहे आणि तोही एकाच बाजूने. इसवी सन ७८७ मध्ये नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांना दिला जाणारा आदर आणि केवळ देवालाच देय असलेली उपासना यांत भेद केला, तसेच प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोहोचतो असे म्हटले. त्याआधी दमास्कसचा योहान या धर्मपंडिताने शब्द देही झाला, म्हणजे देव येशूमध्ये माणूस झाला, या सत्याचाच आधार घेऊन प्रतिमांची बाजू मांडली होती. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती यावर उभे आहेत; कॅल्विन यांच्या विचारातून आलेली रिफॉर्म्ड परंपरा कोरीव प्रतिमेची मनाई ही स्वतंत्र दुसरी आज्ञा मानते, तर कॅथलिक व लुथरन मोजणीत ती पहिल्या आज्ञेतच येते. यांपैकी कोणाचे बरोबर, हे अभ्यासक्रमाने ठरवावे असे माझे म्हणणे नाही, पण गटात वेगवेगळ्या मंडळ्यांतले लोक असताना दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद तिच्याच शब्दांत ऐकवायला हवा होता.

आणखी एक गोष्ट ॲपच्या रचनेतली. प्रत्येक पूर्ण झालेल्या दिवसामागे पडद्यावर एक छोटी ज्योत पेटते, सलग किती दिवस झाले त्याचा आकडा दिसतो, आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो. सव्विसाव्या दिवशी घरी पोहोचायला फार उशीर झाला. रात्री पावणेबाराला अंधारात पलंगाच्या कडेला बसून मी पाठ न ऐकताच बोटाने शेवटपर्यंत सरकवला, उत्तराच्या जागी एक टिंब टाकले आणि ज्योत पेटल्याचे पाहून फोन उशाशी ठेवला. प्रार्थना केली नाही, वचन वाचले नाही. नहुश्तानचा पाठ ऐकून दोनच दिवस झाले होते. मनातले हे माझे मला सोडवायचे आहे, त्याचा दोष मी ॲपवर टाकत नाही. परंतु मूर्तिपूजेवर शिकवणाऱ्यांनी उपासनेला आकडा लावण्याआधी थांबून विचार करायला हवा होता. ही मोजणी सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. ती सुरुवातीपासूनच बंद असावी आणि हवी त्याने चालू करावी, अशी माझी सूचना आहे.

शेवटचा पाठ पुन्हा निर्गममध्ये येतो, पस्तिसाव्या अध्यायात. निवासमंडपासाठी, म्हणजे रानातल्या उपासनेच्या तंबूसाठी, अर्पणे मागितली जातात आणि तेच लोक, पुरुष आणि स्त्रिया, पुन्हा कुंडले, अंगठ्या आणि सोन्याचे दागिने घेऊन येतात. इतके आणतात की आता पुरे, असे मोशेला छावणीभर पुकारावे लागते. तीन अध्यायांपूर्वी ज्या हातांनी वासरासाठी कुंडले उतरवली होती तेच हे हात. विवेचनात इथे कसलेही भाष्य नाही, फक्त दोन्ही उतारे एकापाठोपाठ एक वाचले आहेत.

शास्त्राची थोडीफार ओळख असलेल्या आणि रोज अर्धा तास खरोखर काढू शकणाऱ्या कोणालाही मी हा अभ्यासक्रम सुचवेन. जवळचे माणूस अलीकडेच गमावलेल्यांनी मात्र तिसरा आठवडा एकट्याने करू नये, आधी मार्गदर्शकाशी बोलून घ्यावे. पाचपैकी चार तारे. कसोटीच्या प्रश्नाचे शब्द बदलावेत, असे मी आयोजकांना सविस्तर कळवले आहे, आणि तसे झाले तर पाचवा तारा मी आनंदाने देईन.