मापाचे आकडे न पुकारणारा नृत्यवर्ग

नाचाच्या पोशाखांची मापं घेण्याची एक ठरलेली पद्धत असते. मुली रांगेत उभ्या, एकजण टेप लावून आकडा पुकारतो, दुसरा वहीत लिहितो. ‘छाती २८, कंबर २६, सीट ३१.’ रांगेतल्या शेवटच्या मुलीलाही पहिलीची कंबर ऐकू जाते. लेकीच्या वर्गाचे पोशाख शिवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा नाच शिकवणाऱ्या ताईंनी पहिली अट घातली ती हीच, की आकडा पुकारायचा नाही. पडद्यामागे एकेकीला बोलवायचं, मीच मोजायचं, मीच लिहायचं, आणि वही मुलीने मागितली तरच दाखवायची. दुसरी अट, प्रत्येक पोशाखाला दोन्ही बाजूंनी दीड इंच माया ठेवायची. मापं घेतल्यापासून कार्यक्रमापर्यंत तीन महिने जातात आणि या वयात तेवढ्यात अंग भरतं. पोशाख घट्ट झाला तर शिवण उसवायची, मुलीला काही बोलायचं नाही.

त्या दोन अटींमुळे मी हा वर्ग लक्ष देऊन पाहायला लागले. आता लेकीला तिथे दोन वर्षं झाली, म्हणून लिहिते आहे. पोशाखांचे पैसे मला वर्गाकडून मिळतात, हे वाचणाऱ्याला माहीत असावं. जे पटलेलं नाही तेही खाली लिहिलं आहे, आणि ते सगळं मी ताईंना समोर बसून सांगितलेलं आहे.

मी स्वतः चौदाव्या वर्षापर्यंत नाचले. आमच्या वर्गात दर महिन्याला वजनकाटा यायचा आणि आकडे फळ्यावर लिहिले जायचे. माझ्या नावापुढचा आकडा वाढला त्या महिन्यात मी दोन आठवडे अर्धपोटी राहिले, सरावात चक्कर येऊन पडले आणि मग नाच सोडला. नाच मला नकोसा झाला नव्हता. अजूनही कुठे ताल ऐकू आला की पाय हलतात. इथल्या पालकांच्या पहिल्या बैठकीत समुपदेशक बाईंनी २०१४ सालच्या एका पाहणीचा आकडा सांगितला. अनेक अभ्यास एकत्र करून केलेली ती पाहणी होती. तिच्यानुसार नर्तकांमध्ये खाण्याच्या विकारांचं प्रमाण सुमारे १२ टक्के, बॅले करणाऱ्यांमध्ये १६ टक्क्यांच्या थोडं वर. लेकीच्या तुकडीत २५ मुली आहेत. मी बसल्या जागी हिशेब केला. तीन.

वर्गाच्या माहितीपत्रकावर ‘सकारात्मक मानसशास्त्रावर आधारित’ असं छापलेलं आहे. ते वाचून मला वाटलं होतं, भिंतीवर हसरे चेहरे असतील आणि ‘तुला जमेल’ असे फलक असतील. तसं काहीच नव्हतं. बाईंनी समजावलं ते असं. १९९८ साली मार्टिन सेलिग्मन अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. माणसाचं बिघडतं कशाने याचा जेवढा अभ्यास होतो, तेवढाच त्याचं बरं कशाने चालतं याचाही व्हायला हवा, असं त्यांनी त्या वेळी मांडलं. पुढे २०११ मध्ये त्यांनी त्याचे पाच धागे सांगितले : आनंदासारख्या भावना, कामात रमून जाणं, नाती, आपण करतो त्याला अर्थ असणं आणि काही साधल्याचं समाधान. आता हे पाचही नाचात मुळातच असतात. मग वर्ग नेमकं काय वेगळं करतो? बाहेरच्या बाकावर बसून दोन-तीन महिने पाहिल्यावर मला दिसलं, की खरा फरक चूक सुधारण्याच्या पद्धतीत आहे.

ताई एका वेळी एकच दुरुस्ती सांगतात, आणि तीही काय करायचं ते सांगून. ‘खांदे चढवू नकोस’ म्हणत नाहीत, ‘मान लांब कर, कान खांद्यांपासून दूर ने’ म्हणतात. मग थांबून बघतात आणि काय बदललं ते मुलीला सांगतात : ‘आता गुडघे वाकवून उतरलीस, म्हणून उडीचा आवाज झाला नाही.’ ‘काय गुणी मुलगी आहे’ अशी शाबासकी मी तिथे ऐकलेली नाही. सुरुवातीला मला हे कोरडं वाटायचं, मी लेकीला घरी आणून वेगळी शाबासकी द्यायचे. मग बैठकीत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या १९९८ मधल्या प्रयोगांबद्दल ऐकलं. पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली होती. ‘तू हुशार आहेस’ असं ज्यांना सांगितलं, ती मुलं पुढे अवघड कोड्यात अडकल्यावर लवकर खचली. ज्यांच्या मेहनतीचं कौतुक झालं ती चिकटून राहिली.

आमच्या तुकडीतली एक मुलगी जन्मतःच लवचीक आहे. आधीच्या वर्गात तिला सगळे ‘रबराची बाहुली’ म्हणायचे. इथे आली तेव्हा पहिल्या झटक्यात जमणार नाही अशी गोष्ट ती करायलाच तयार नसायची. फिरक्यांचा सराव सुरू झाला की पाणी प्यायला बाहेर यायची आणि बाकावर माझ्याशेजारी बसून राहायची. सहा-सात महिन्यांनी मी तिलाच त्या फिरकीत आठ वेळा तोल जाऊन नवव्यांदा उभी राहताना पाहिलं. तेव्हापासून मी घरची शाबासकीही बदलली.

दुसरी गोष्ट जिच्यासाठी मी हा वर्ग कुणालाही सुचवीन, ती म्हणजे वाढीच्या वयाची समज. माझी लेक साडेअकरा वर्षांची असताना भराभर उंच झाली. या काळात हातपाय आधी लांबतात, धड मागून येतं. हाडं पुढे जातात आणि स्नायूंना त्यांना गाठायला वेळ लागतो. अंग ताठर होतं, तोल बिघडतो. तिला दोन फिरक्या सहज यायच्या, त्या महिन्यात एकही धड येईना. ‘मला येत होतं, आई. आता मी वाईट झालेय,’ असं रडत म्हणाली. ताईंनी तिला बाजूला बसवून सांगितलं, की तुझे पाय लांब झालेत, मेंदूला त्यांची नवी लांबी शिकायला वेळ लागेल, तोवर उड्या कमी आणि जमिनीवरचं काम जास्त. मग समुपदेशक बाईंनी तिच्याकडून एक पत्र लिहून घेतलं. तुझ्या मैत्रिणीचं असं झालं असतं तर तू तिला काय लिहिलं असतंस, ते लिही. दुसऱ्या दिवशी तेच पत्र तिने स्वतःला वाचून दाखवायचं. क्रिस्टिन नेफ यांनी स्वतःविषयीच्या करुणेवर जे काम केलंय, त्याच्यावर हे आधारलेलं आहे. स्वतःशी ममतेनं वागणं, असं सगळ्यांचंच होतं हे ओळखणं, आणि दुखतंय ते न नाकारता, न फुगवता पाहणं. पत्रातली एक ओळ लेकीच्या परवानगीने देते : ‘तुझे पाय तुझ्यावर रागावलेले नाहीत, त्यांना फक्त घाई झालीय.’ पुढच्या मापांच्या वेळी मी टेप लावला तर उंचीचा आकडा तिने स्वतःच पडद्याबाहेर ओरडून सांगितला.

आरशाचंही सांगायला हवं. आठवड्यातल्या चार तासांपैकी दोन तास आरशावर जाड कापडाचा पडदा असतो. (तो पडदाही मीच शिवला. तळाला वजनाची पट्टी घातली, नाहीतर मुली धावल्या की उडायचा.) आरशाशिवाय चुका कशा दिसणार, असं बऱ्याच पालकांना वाटलं, मलाही वाटलं. एमरी विद्यापीठात सॅली रॅडेल यांनी बॅले शिकणाऱ्यांवर आरशाचा काय परिणाम होतो हे वर्षानुवर्षं अभ्यासलं आहे. आरसा नेहमी मदतच करतो असं नाही आणि स्वतःच्या शरीराविषयीच्या भावनेला तो धक्का लावू शकतो, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. लेकीला पहिले दोन आठवडे पडद्याचा राग आला. मग एके दिवशी गाडीत म्हणाली, ‘पाय मागे किती वर गेलाय ते आता आतून कळतं.’ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७०च्या दशकात नर्तक, गिर्यारोहक, बुद्धिबळपटू अशा लोकांशी बोलून तल्लीनतेचा अभ्यास केला होता. काम आपल्या कुवतीच्या जरा वरचं असतं आणि लक्ष स्वतःकडे उरत नाही, तेव्हा माणूस तल्लीन होतो. आरशात सतत स्वतःकडे पाहणाऱ्या मुलीचं लक्ष स्वतःवरून हटणार कसं, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

आणखी एक, थोडक्यात. प्रत्येक नाचातले शेवटचे दोन आठ-आठचे काउंट मुली स्वतः बसवतात, ताई त्यात हात घालत नाहीत. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात तसं माणसाला स्वतः निवडण्याची मोकळीक, जमतंय ही जाणीव आणि आपली माणसं, तिन्ही लागतात. त्या सोळा काउंटमध्ये मुलींना तिन्ही मिळतात.

आता जे खटकलं ते. ‘तीन चांगल्या गोष्टी’ नावाचा एक सराव आहे. सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००५ मध्ये तपासला. रोज रात्री दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्या कशामुळे घडल्या ते लिहायचं, एक आठवडाभर. पुढे सहा महिन्यांपर्यंत त्याचा चांगला परिणाम दिसला. पण ती सगळी स्वखुशीने आलेली मोठी माणसं होती आणि लिहायचं होतं एकांतात. इथे पहिल्या वर्षी हाच सराव प्रत्येक तासाच्या शेवटी, गोल बसून, मोठ्याने, सगळ्यांना सक्तीचा होता. महिन्याभरात मुली ठरावीक वाक्यं बोलायला लागल्या. तेवढ्यावर भागलं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण लेकीच्या मैत्रिणीची नडगी तीन आठवडे दुखत होती आणि ती गप्प राहिली. का, तर गोलात चांगलंच बोलायचं असतं, दुखतंय म्हटलं तर मी नकारात्मक ठरेन. डॉक्टरांकडे गेली तोवर हाडावर ताण आलेला होता आणि दोन महिने नाच बंद ठेवावा लागला. चांगलं शोधायला शिकवताना दुखणं बोलायची जागा बंद झाली, आणि ज्या वर्गाने मापं पडद्यामागे घ्यायचं शहाणपण दाखवलं त्याच वर्गाच्या हे लक्षात आलं नाही, याचा मला अजून त्रास होतो. मी आणि त्या मुलीची आई ताईंना भेटलो. त्यांनी वाद घातला नाही. आता त्या तीन गोष्टी ज्यांना हव्यात त्या स्वतःच्या वहीत लिहितात, आणि तास सुरू होताना प्रत्येकीला ‘आज कुठे दुखतंय?’ असं विचारलं जातं. ‘कुठेच नाही’ हे उत्तर लगेच मान्य होत नाही, उड्या मारताना पाहून पुन्हा विचारतात.

गुणांच्या तक्त्याबद्दलही माझं मत वेगळं आहे. क्रिस्टोफर पीटरसन आणि सेलिग्मन यांनी २००४ मध्ये २४ गुणांची यादी मांडली. जिज्ञासा, धैर्य, दयाळूपणा, विनोदबुद्धी अशी. मुली त्याची प्रश्नावली भरतात आणि प्रत्येकीचे वरचे गुण भिंतीवर लागतात. माझ्या लेकीचा पहिला आला चिकाटी. घरी येऊन विचारते, ‘म्हणजे मला नैसर्गिक येत नाही, असंच ना?’ २५ चिठ्ठ्या शेजारी-शेजारी लागल्या की मुली त्यांचीही तुलना करतात. हे वहीत राहिलं असतं तर चाललं असतं. तक्ता अजून भिंतीवर आहे.

पण सगळ्यात मोठी तक्रार वार्षिक कार्यक्रमाची. वर्षभर कुणाची कुणाशी तुलना नाही, आणि मग एका संध्याकाळी दारावर यादी लागते : पहिली ओळ, दुसरी ओळ, मागची ओळ. कोण कशावरून कुठे, काही लिहिलेलं नसतं. सलग दोन वर्षं त्या दाराशी मी मुलींचे चेहरे पाहिले आहेत. मागच्या ओळीतल्या मुलीला ताईंनी दोन मिनिटं घेऊन सांगितलं असतं की तुला तिथे का ठेवलंय आणि पुढच्या खेपेला कशावर काम करू, तर ती यादी वेगळी वाचली गेली असती. नाचाच्या शेवटी ओळींची अदलाबदल करता येते, मी ते सुचवलंही आहे. उत्तर मिळालं, बघू.

पालकांच्या बैठका वर्षातून दोनच होतात, हे कमी आहे. वर्गात तुलना थांबते आणि बाकावर सुरू राहते. तुमची किती वेळा फिरते, तुमचीचं वजन बरंय ना. हे मी ऐकलंय आणि पूर्वी बोललेयसुद्धा. समुपदेशक बाई महिन्यातून एकदाच येतात. त्या उपचार करत नाहीत हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात, आणि एका मुलीच्या खाण्याची काळजी वाटली तेव्हा पालकांना त्यांनी वेळेत डॉक्टरांकडे पाठवलं. मुलीचं नाव आम्हा बाकीच्यांपर्यंत आलं नाही. मला कळलं ते तिच्या आईने स्वतः सांगितल्यामुळे.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा त्या दारावरच्या यादीसाठी कापला आहे.

मुलीला दर दोन महिन्यांनी स्पर्धेत उतरवायचं असेल तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही, इथे वर्षातून एकच कार्यक्रम होतो. असा दुसरा कुठला वर्ग बघायला गेलात, तर माहितीपत्रक बाजूला ठेवून वीस मिनिटं तास बघा. मुलगी चुकते तेव्हा तिला काय सांगितलं जातं ते ऐका. दुखतंय म्हणणाऱ्या मुलीचं काय होतं ते विचारा. आणि पोशाखांची मापं कशी घेतात तेही विचारा.