भेटींची नोंद न ठेवता मार्गशोध: हास्केलच्या ‘एफजीएल’ लायब्ररीचे परीक्षण

आलेखातील (शिरोबिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या जाळ्यातील) दोन शिरोबिंदूंमधले सगळे मार्ग शोधायचे असले की बहुतेक प्रोग्रॅमर भेट दिलेल्या बिंदूंची एक सामाईक यादी ठेवतात, पुढे जाताना तीत खूण करतात आणि मागे फिरताना ती पुसतात. हास्केल या फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषेतील एफजीएल, म्हणजेच फंक्शनल ग्राफ लायब्ररी, ही यादीच अनावश्यक ठरवते, आणि तिचे खरे मोल मला यातच दिसते.

मार्टिन एरविग यांनी २००१ साली ‘जर्नल ऑफ फंक्शनल प्रोग्रॅमिंग’मध्ये सविस्तर मांडलेली कल्पना या लायब्ररीच्या मुळाशी आहे. तिचे मध्यवर्ती फंक्शन ‘मॅच’ एक शिरोबिंदू आणि एक आलेख घेते, आणि त्या बिंदूचा संदर्भ (त्याचे लेबल, त्याच्याकडे येणाऱ्या व त्याच्यापासून निघणाऱ्या कडा) व तो बिंदू वगळून उरलेला आलेख अशी जोडी परत देते. मार्ग शोधणाऱ्या पुनरावर्ती (स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या) फंक्शनला प्रत्येक शेजाऱ्यापासून पुढे हा उरलेला आलेखच द्यायचा. गेलेला बिंदू त्यात नसल्यामुळे चक्रात अडकण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि मूळ आलेख अबाधित असल्यामुळे मागे फिरताना काही पुसावे लागत नाही.

माहीम, दादर, वडाळा, कुर्ला आणि सीएसएमटी ही मुंबईची पाच स्थानके घ्या. माहीम दादर व वडाळ्याशी जोडलेले आहे, आणि दादर व वडाळा ही दोन्ही कुर्ला व सीएसएमटीशी. माहीमहून कुर्ल्याला जाण्याचे, कोणतेही स्थानक दुसऱ्यांदा न घेणारे, चार मार्ग निघतात: दोन थेट दादर किंवा वडाळ्यावरून, आणि दोन सीएसएमटीला वळसा घालून. कुर्ल्यासह प्रत्येक स्थानकावर केलेली खूण पुसली गेली नाही, तर यांपैकी एकच हाती लागतो. एफजीएलमध्ये प्रत्येक फांदीला स्वतःचा उरलेला आलेख मिळतो, म्हणून चारही सापडतात. एका शेजाऱ्याचा शोध संपल्यावर उरलेला आलेख पुढच्याकडे सोपवत नेला, तर मात्र साधा खोलीप्रथम शोध, म्हणजे प्रत्येक बिंदूला एकदाच भेट देत आधी खोलवर जाणारा शोध, तयार होतो. एवढ्याशा फरकाने दोन वेगळी अल्गोरिदम मिळावीत, हे मला फार सुंदर वाटते.

अर्थात, मार्गांची संख्या लायब्ररी कमी करू शकत नाही. दहा शिरोबिंदूंच्या पूर्ण आलेखात, म्हणजे प्रत्येक बिंदू बाकी सर्वांशी जोडलेला असताना, दोन बिंदूंमध्ये १,०९,६०१ साधे (बिंदू पुन्हा न घेणारे) मार्ग असतात. हास्केलचे आळशी मूल्यमापन (गरज पडेल तेव्हाच हिशेब करणे) इथे उपयोगी पडते, कारण पहिलाच मार्ग मागितला तर बाकीचे काढले जात नाहीत.

उणिवाही सांगायला हव्यात. शिरोबिंदू पूर्णांकच असावे लागतात, त्यामुळे स्थानकांची नावे लेबलांत ठेवून क्रमांकांशी मेळ आपणच घालावा लागतो. कडा दिशायुक्त असतात, म्हणून वरच्या सहा जोडण्यांसाठी बारा कडा भराव्या लागतात. दोन बिंदूंमध्ये समांतर कडा असल्या, तर शेजाऱ्यांच्या यादीत तोच बिंदू पुन्हा येतो आणि तेच मार्ग दोनदा मिळतात. ‘ईएसपी’, ‘एसपी’ अशी फंक्शनांची त्रोटक नावे नवख्याला काहीच सांगत नाहीत. बिंदू काढताना त्याच्या शेजाऱ्यांच्या नोंदीही बदलाव्या लागत असल्याने मोठ्या आलेखांवर हा खर्च जाणवतो.

अशा आलेखांवर केवळ पोहोचता येते का एवढेच पाहायचे असेल, तर ‘कंटेनर्स’ पॅकेजमधील आलेखाचे मॉड्यूल निवडावे. ते भेटींची बदलती नोंद एसटी मोनॅडच्या (बदलत्या स्थितीला मर्यादित जागेत मुभा देणाऱ्या हास्केलच्या रचनेच्या) आत बंदिस्त ठेवते आणि बाहेरून शुद्ध, म्हणजे बाहेरचे काहीही न बदलणारे, राहते. मात्र त्याचे ‘पाथ’ हे फंक्शन केवळ होय किंवा नाही एवढेच उत्तर देते. प्रत्यक्ष मार्ग हवे असतील, आणि शोधाची रचना कोडमध्ये स्पष्ट दिसावी अशी इच्छा असेल, तर मी एफजीएलच घेईन.