ई-कोर्ट्स ॲप: खंडपीठाची तारीख मोबाईलवर

नगरपरिषदेनं घरपट्टी वाढवली म्हणून आमच्या गल्लीनं हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात रिट याचिका टाकलीय, अन् तारीख विचारायला वकीलसायबाला फोन लावावा तर सायेब कायम कोर्टात. आता हे ॲप लई कामाचं निघालं, फुकट हाय, हायकोर्ट निवडून 16 अक्षरी सीएनआर नंबर (म्हंजे हरेक केसचा वेगळा नंबर) टाकला की पुढची तारीख, ऑर्डरची पीडीएफ सगळं समोर. तात्या म्हणतेत 1981 ला खंडपीठ यायच्या आधी केससाठी थेट मुंबई गाठावी लागायची! फक्त ऑर्डर इंग्रजीत, हायकोर्टाचं कामच इंग्रजीत चालतंय म्हणा, मग पुतण्याकडून वाचून घेतो. इकडं नगरपरिषदेत मात्र अर्जाची पोच मागितली तरी आवक-जावकवाला म्हणतो उद्या या. ॲपला 4 स्टार.