अंदमानची बॅग: किनाऱ्यासाठी काय, जंगलासाठी काय

अंदमानात समुद्र आणि सदाहरित जंगल एकमेकांना खेटून आहेत. स्वराज द्वीपावर (जुनं हॅवलॉक) एलिफंट बीचला चालत जायचं तर सुमारे दोन किलोमीटर जंगलातली वाट. आधी मुळं आणि चिखल, शेवटी खारं पाणी. म्हणून वस्तू निवडताना ‘वॉटरप्रूफ आहे का’ हे नंतर विचारा. आधी बघा, ती रात्रभरात पंख्याखाली वाळेल का.

पायात काय?

सगळ्यात जास्त पैसे इथे चुकीचे जातात. उंच घोट्याचे वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट सह्याद्रीच्या थंडीत छान, इथे नकोत. पाणी एकदा वरून आत शिरलं की आतल्या वॉटरप्रूफ अस्तरामुळे ते बाहेर निघत नाही आणि दमट हवेत बूट दोन दिवस ओलाच राहतो. रबरी चप्पल चिखलात रुतते आणि अंगठा निसटतो. ती खोलीत आणि वाळूवर वापरायला न्यावी.

खरी निवड दोनातच आहे: पुढून बंद असलेली पट्ट्याची सँडल किंवा जाळीचे हलके बूट. किनारे आणि एखादी छोटी पायवाट एवढाच बेत असेल तर सँडल घ्या. शहीद द्वीपावर (जुनं नील) नैसर्गिक पुलाकडे ओहोटीच्या वेळी प्रवाळाच्या खडकांवरून जावं लागतं. तिथे उघडी बोटं कापतात, आणि प्रवाळाची जखम लवकर भरत नाही. माउंट हॅरिएटची (आता माउंट मणिपूर) जंगलवाट करणार असाल तर खोल खाचांच्या तळाचे जाळीचे बूट घ्या. पावसाळ्यात त्यासोबत गुडघ्यापर्यंतचे, घट्ट विणीचे जळूमोजे हवेत. साध्या सुती मोज्यांच्या विणीतून जळू आत शिरते.

कपडे: सुती की नायलॉन-पॉलिस्टर?

घरात सुती बरं, प्रवासात नायलॉन किंवा पॉलिस्टर. जाड सुती टी-शर्ट इथे रात्रभरात वाळेलच असं नाही, जीन्स तर नाहीच. सहा रात्रींसाठी तीन पातळ टी-शर्ट, दोन लांब पँट, एक बर्म्युडा आणि पोहायचा लांब बाह्यांचा एक टॉप पुरतो. हा टॉप सनस्क्रीनपेक्षा भरवशाचा, कारण तो पाण्यात धुऊन जात नाही. सनस्क्रीन चेहरा, मान आणि पायांपुरतंच लागतं. ते झिंक ऑक्साइडचं, ऑक्सिबेन्झोन नसलेलं घ्या, प्रवाळाला कमी त्रास होतो. समुद्रात भिजलेले कपडे गोड्या पाण्यात खळबळल्याशिवाय वाळत घालू नका. मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि कपडा चिकटच राहतो.

पाऊस

रेनकोट, पोंचो की छत्री? डिसेंबर ते एप्रिल जाणार असाल तर घडीची छत्री पुरे. मे ते नोव्हेंबरमध्ये पोंचो (डोक्यातून घालायची, बाह्या नसलेली सैल पावसाळी झूल) बरा. तो पाठीवरची सॅकही झाकतो आणि खालून हवा खेळते, तर बंद रेनकोटात माणूस घामानेच भिजतो. मात्र बोटीवर पोंचो वाऱ्याने फडफडतो आणि जंगलात वेताच्या काट्यांना अडकून फाटतो. शंभर रुपयांचा पातळ पोंचो पहिल्याच दिवशी कामातून जातो.

डास आणि सँडफ्लाय

डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम जास्त वेळ टिकतं, पण चष्म्याची प्लास्टिकची फ्रेम, घड्याळाची प्लास्टिकची काच आणि स्पँडेक्सचे ताणले जाणारे कपडे खराब करतं. पिकारिडिन हे तसंच दुसरं रसायन प्लास्टिकला काही करत नाही, फक्त दुकानात शोधावं लागतं. ओडोमॉस संध्याकाळी खोलीबाहेर बसायला ठीक, पण घाम आला की पुन्हा लावावं लागतं. आधी सनस्क्रीन, पंधरा-वीस मिनिटांनी मलम, हा क्रम उलटा करू नका. सँडफ्लाय म्हणजे किनाऱ्यावरच्या बारीक चावऱ्या माश्या वाळूवर बसलेल्या माणसाला घोट्याशी चावतात. तिथे खोबरेल तेलाचा जाड थर बरा अडसर ठरतो. ते तसंही आपल्या बॅगेत असतंच.

सामान कशात?

ट्रॉली की सॅक? कुटुंबासोबत हॉटेल आणि टॅक्सीची सहल असेल तर ट्रॉलीला काहीच हरकत नाही, फक्त सोबत वीस लिटरची छोटी सॅक हवी. वाळूत चाकं फिरत नाहीत, आणि जेट्टीवरून बोटीत चढताना हात मोकळे लागतात. मोबाइल, कागदपत्रं आणि कोरडे कपडे दहा लिटरच्या ड्राय बॅगेत (तोंड गुंडाळून बंद करायची, पाणी आत न जाणारी पिशवी) ठेवा. ती पाऊण भरा आणि तोंडाला किमान तीन घड्या घाला. काठोकाठ भरली की घड्या पडत नाहीत आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. मोबाइलचं पाऊच आधी घरीच तपासा: आत कोरडा टिश्यू घालून अर्धा तास बादलीत बुडवा. एसी खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा वीस-तीस मिनिटं बंद झिप पिशवीतच राहू द्या, नाहीतर भिंगावर दव धरतं.

पॉवर बँक विमानात हाताच्या बॅगेतच. डोक्याला लावायची बॅटरी विसरू नका. घड्याळ भारताचंच असलं तरी अंदमान बरंच पूर्वेला आहे, आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मुंबईच्या सवयीने साडेचारला जंगलवाटेला लागलात तर परतताना अंधार होणारच.

परतीसाठी एक रिकामी प्लास्टिक पिशवी ठेवा, ओले कपडे त्यात जातील. शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे मात्र तिथेच सोडा. ते बेटांबाहेर नेण्यावर बंदी आहे आणि विमानतळावर बॅग तपासली जाते.