वॅगन-आर नाशकात: 1.0 की 1.2, आणि घेतल्यावरचा सांभाळ

संध्याकाळी सातला कॉलेज रोडवर गाडी लावायला जागा शोधून पाहा, मारुतीची वॅगन-आर एवढी का खपते ते कळेल. लांबी 3655 मिमी, रुंदी 1620 मिमी, पण उंची 1675 मिमी. म्हणजे बाहेरून गाडी आटोपशीर, आणि आत बसताना गुडघेदुखीच्या माणसाला वाकावं लागत नाही. डिकी 341 लिटरची, तिच्यात दोन मोठ्या बॅगा उभ्या राहतात. 2019 च्या जानेवारीत आलेल्या या तिसऱ्या पिढीचं वजन 800 ते 850 किलोच्या आसपास आहे. स्टिअरिंग हलकं, वळणं सोपी, ही सगळी त्या कमी वजनाची कमाई. खड्ड्यात धक्का जास्त बसतो आणि दार लावलं की पत्र्याचा आवाज येतो, तोही त्यातूनच.

खरा प्रश्न इंजिनाचा. 1.0 म्हणजे 998 सीसी, तीन सिलिंडर, ताकद 67 पीएस आणि ओढ (टॉर्क) 89 न्यूटन मीटर. 1.2 म्हणजे 1197 सीसी, चार सिलिंडर, 90 पीएस आणि 113 न्यूटन मीटर. शोरूममध्ये 1.0 ची शिफारस ॲव्हरेजवर होते, पण कंपनीचेच आकडे काय सांगतात? मॅन्युअल गिअरच्या गाडीत 1.0 ला लिटरला 24.35 किमी, 1.2 ला 23.56. फरक एक किलोमीटरचाही नाही. प्रत्यक्षात शहरात एसी लावून दोन्ही 16-17 च्या घरात राहतात. म्हणून 1.0 घ्यायचं कारण फक्त खरेदीची किंमत. गाडी सातपूर-अंबडची ड्यूटी, मुलांची शाळा आणि रविवारी त्र्यंबकेश्वर एवढीच फिरणार असेल तर 1.0 पुरते. पण महिन्यातून दोनदा मुंबई असेल, चार माणसं आणि सामान असेल, तर 1.2 शिवाय दुसरा विचार नको. कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना कंटेनरच्या मागून बाहेर पडायची वेळ आली की 1.0 मध्ये दुसरा गिअर टाकावा लागतो, एसी बंद करावा लागतो आणि तरीही ओव्हरटेक लांबतो. लांबलेला ओव्हरटेक घाटात धोक्याचा.

जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यामुळे कसारा टाळता येतो. तिथे मात्र दुसरी गोष्ट लक्षात ठेवायची. सपाटीवर वेगमर्यादा 120 आहे म्हणून ही गाडी 120 ने चालवायची नसते. उंच आणि हलकी असल्यामुळे आडवा वारा लागला की ती लेन सोडायला बघते. 90-95 हा तिचा सुखाचा वेग.

सीएनजीचा हिशेब वेगळा. कंपनीचा आकडा किलोला 34.05 किमी, शहरात 25 च्या पुढेमागे धरावा. ताकद 57 पीएसवर येते, डिकी सिलिंडर खातो. घाटाच्या पायथ्याशी बटण दाबून पेट्रोलवर घ्यायची. एरवीही आठवड्यातून आठ-दहा किमी पेट्रोलवर चालवावी, म्हणजे टाकीतलं पेट्रोल शिळं होत नाही आणि पेट्रोलचे इंजेक्टर चिकटत नाहीत. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, तारीख सिलिंडरच्या पाटीवर असते. सीएनजीत स्पार्क प्लगवर ताण जास्त येतो. पेट्रोल गाडीत 40 हजारांपर्यंत चालणारे प्लग इथे 20 हजारांना काढून त्यांच्या टोकांमधली गॅप बघावी.

एजीएस, म्हणजे या गाडीचा ऑटोमॅटिक प्रकार, आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. चढावर ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर क्लच प्लेट जळते. ब्रेक दाबून थांबायचं, हिल होल्ड (ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर मागे घसरू न देणारी सोय) त्याचसाठी दिलंय. घाटात एम मोड, म्हणजे गिअर आपण हाताने बदलायचा.

आता सांभाळ. ऑइल बदलायचा टप्पा 10 हजार किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. पण रोज चार-पाच किमीच फिरणाऱ्या गाडीला वर्षाचाच टप्पा खरा, किलोमीटर बघत बसू नये. इतक्या छोट्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, मग पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये साचतं. बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांना ऑइलची झिरो-डब्ल्यू-16 ग्रेड सांगितलेली आहे. 'हे पातळ आहे, जाड टाकतो' म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला नम्रपणे नाही म्हणावं, कारण व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा, ऑइलच्या दाबावर चालते. 1.0 मध्ये ऑइल जेमतेम तीन लिटर बसतं, त्यात अर्धा लिटर कमी म्हणजे सहावा हिस्सा गेला. महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक बघायची. टायमिंगला चेन आहे, बेल्ट बदलायचा खर्च नाही.

या गाडीत कुलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा काटा नाही, फक्त दिवा आहे. निळा म्हणजे इंजिन थंड, लाल म्हणजे लगेच बाजूला घ्या. लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो, म्हणून उन्हाळ्यात घाटाआधी कुलंटची टाकी बघायची सवय हवी. पातळी दोन रेघांच्या मध्ये असावी. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

बॅटरीत फसवणूक होते. 2022 पासूनच्या पेट्रोल गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होतं. त्यासाठी ईएफबी प्रकारची, वारंवार स्टार्ट सोसणारी बॅटरी लागते. स्वस्तातली साधी टाकली तर ती लवकर मरते. द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर ही बंद-चालू नको असेल तर बटण आहे, पण गाडी पुन्हा सुरू केली की ते पुन्हा दाबावं लागतं.

सर्वात जास्त तक्रार येते ती पुढच्या सस्पेन्शनची, आणि सिंहस्थाच्या तयारीत खोदलेल्या रस्त्यांवर ती येणारच. इथे घाईने शॉकअप बदलू नयेत. आधी आवाज ओळखायचा. हळू वेगात एकच चाक खड्ड्यात गेल्यावर बारीक टक-टक आली तर बहुधा लिंक रॉड, हा सगळ्यात स्वस्त भाग. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्सला एकच ठक आला तर लोअर आर्मचा बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना आवाज आला तर स्ट्रट माउंटचं बेअरिंग. आणि पूर्ण वळण घेताना चालत्या गाडीत कट-कट आली तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालंय का बघायचं, बूट वेळेत बदलला तर जॉइंट वाचतो. लोअर आर्म बदलला की अलाइनमेंट करायलाच हवं, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतात.

क्लच हाफ दाबून ट्रॅफिकमध्ये रांगणं हे क्लच संपण्याचं पहिलं कारण. चौथ्या गिअरला आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, हे लक्षण. तपासायचं असेल तर मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक, घरघरत चालू राहिलं तर प्लेट संपली. बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच टाकावं. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी मोठी असते, ती दोनदा कशाला द्यायची?

मागे ड्रम ब्रेक आहेत. पावसाळ्यात गाडी भिजलेली असताना हँडब्रेक ओढून चार दिवस उभी ठेवली की शू ड्रमला चिकटतात. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावणं बरं. टायर सगळ्यात खालच्या मॉडेलला 13 इंची, वरच्यांना 14 इंची 165/70. कायद्याने नक्षी 1.6 मिमी चालते, पण पावसात 3 मिमीच्या खाली टायर ठेवू नये. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, आणि तो थंड टायरचा असतो.

सुरक्षेबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत 2019 ला दोन आणि 2023 ला प्रौढांसाठी एकच तारा मिळाला. 2025 पासून सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलांना आल्या, ही सुधारणा आहे. पत्र्याखालची चौकट मात्र त्याने बदलत नाही.

जुनी घेणार असाल तर गोदाघाटाचा पूर डोक्यात ठेवा. रामकुंडाच्या परिसरात लावलेल्या गाड्या पुरात सापडतात आणि धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. सीटच्या रुळांवरचा गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा. पाण्यात बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारायचाच नसतो. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि विम्याला इंजिन प्रोटेक्शनची जोड नसेल तर तो खर्च विमा कंपनी सहसा देत नाही. 15 नोव्हेंबर 2018 ते 15 ऑक्टोबर 2019 या काळात बनलेली 1.0 असेल तर आणखी एक तपासणी करायची: इंधन पंपासाठी कंपनीने जुलै 2020 मध्ये या गाड्या परत बोलावल्या होत्या. चेसिस नंबर सर्व्हिस सेंटरला दिला की पंप बदललाय की नाही ते सांगतात. बदललेला नसेल तर सौद्याआधी विकणाऱ्याकडूनच तो बदलून घ्या.