जिनोआचा प्लॅन बनवून घेतला, त्याचा खराखुरा रिव्ह्यू

आधी एक खुलासा करते, जिनोआ म्हणजे इटलीतलं बंदर, स्वित्झर्लंडचं जिनिव्हा नाही. आमच्या आत्याला अजूनही वाटतंय की आम्ही बर्फात जाऊन आलो. स्टेशनवरच्या बोर्डांवर जिनोआचं नाव जेनोवा असं लिहिलेलं असतं आणि जिनिव्हाला ते लोक जिनेव्रा म्हणतात, त्यामुळे तिकीट काढताना डोळे उघडे ठेवा एवढंच.

तर झालं असं की नवऱ्याचं मिलानला ऑफिसचं काम होतं, म्हटलं एवढं तिकडे जातोच आहोत तर आई-बाबांनाही नेऊ आणि तीन दिवस समुद्राकाठी काढू. बाबा ६८ चे, गुडघे कुरकुरतात, आई शाकाहारी आणि दोघांना जेवण वेळेवर लागतं. मला नोकरी सांभाळून हे सगळं बघायला वेळ नव्हता म्हणून पुण्यातल्याच एका प्लॅन बनवून देणाऱ्या सर्व्हिसला काम दिलं. नाव देत नाही कारण माणसं वाईट नव्हती, आणि सगळंच चुकलं असंही नाही.

जे चांगलं केलं ते आधी सांगते. व्हिसाची कागदपत्रं एकदम चोख लावून दिली, मिलानहून ट्रेनने दोनेक तासांत जिनोआ, तिकिटं फोनवर हजर. हॉटेल प्रिन्चिपे स्टेशनच्या जवळच दिलं. जुन्या शहरातल्या बोळांमधून चार बॅगा ओढायची वेळ आली नाही यासाठी पूर्ण मार्क. त्या बोळांना तिथे कारूज्जी म्हणतात, काही इतके अरुंद आहेत की समोरून माणूस आला तर अंग चोरून उभं राहावं लागतं. व्हॉट्सअॅपवर उत्तरंही पटापट यायची.

आता खरं दुखणं. प्लॅन करणाऱ्या मुलीने सगळा हिशोब गुगल मॅपवरून केला होता. "हॉटेलपासून ४५० मीटर, चालत ६ मिनिटं." अगं बाई, ते ४५० मीटर आडवे नाहीत, उभे आहेत! जिनोआ समुद्रापासून सरळ डोंगरावर चढत गेलंय, सपाट जागा म्हणजे बंदराजवळची पट्टी, बाकी सगळं जिने आणि चढ. पहिल्याच संध्याकाळी एका जिन्यावर बाबा मधेच बसले आणि म्हणाले, तुम्ही जा, मी इथूनच इटली बघतो.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या काकूंनी आमची दया येऊन सांगितलं की इथे जिने चढायचे नसतात, लिफ्ट घ्यायची असते. म्हणजे इमारतीची लिफ्ट नाही हं, रस्त्याची! बस असते तशी सार्वजनिक लिफ्ट, एका रस्त्यावरून वरच्या रस्त्यावर नेणारी. पोर्तेल्लो चौकातून बोगद्यात शिरलो, जुन्या धाटणीच्या लिफ्टमध्ये उभे राहिलो आणि थेट वरच्या कास्तेल्लेत्तो भागातल्या सज्जावर बाहेर आलो. खाली राखाडी दगडी पाट्यांची छपरं, चर्चचे मनोरे, पलीकडे बंदर, क्रेन, आणि दूर लांतेर्ना हे ७७ मीटर उंच दीपगृह, १५४३ पासून उभं आहे. बाबा तासभर तिथल्या बाकावर बसून जहाजं मोजत होते. आमच्या हॉटेलजवळ तर आणखी एक वेडी लिफ्ट निघाली, कास्तेल्लो दाल्बेर्तीसची, ती आधी बोगद्यातून आडवी जाते आणि मग त्याच डब्यातून आपल्याला घेऊन उभी वर जाते, आम्ही ती उगाचच दोनदा केली. फ्युनिक्युलर, म्हणजे दोरीने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे, हवी असेल तर झेक्का ते रिगी असा मार्ग आहे, ती डोंगराच्या माथ्यापर्यंत नेते. यातलं एक अक्षरही त्यांच्या प्लॅनच्या पीडीएफमध्ये नव्हतं. ज्या शहरात पहिला प्रश्न "किती लांब" हा नसून "किती उंच" हा आहे, तिथे हे नसणं म्हणजे कोकणाच्या प्लॅनमध्ये घाट विसरण्यासारखं झालं.

दुसरी चूक सोमवारची. व्हिया गारिबाल्दीवरची म्युझियम्स सोमवारी बंद असतात आणि आम्हाला नेमकं सोमवारीच तिथे पाठवलं. दारं बंद बघून माझं डोकं फिरलं. पण तो रस्ताच असा आहे की राग टिकला नाही, दोन्ही बाजूंना एकाला लागून एक श्रीमंत व्यापाऱ्यांचे वाडे. त्यांची गोष्ट भारी आहे, १५७६ मध्ये जिनोआच्या सरकारने अशा वाड्यांच्या याद्या केल्या, याद्या म्हणजे रोल्ली, आणि राजे-राजदूत असे सरकारी पाहुणे आले की यादीतल्या वाड्यांमधून चिठ्ठी काढून ठरवायचे की आता कोणाच्या घरी मुक्काम. आईची प्रतिक्रिया, "म्हणजे खर्च ज्याचा त्याने करायचा आणि नाव सरकारचं!" त्यातले ४२ वाडे २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. मंगळवारी परत गेलो तेव्हा तिथल्याच तुर्सी वाड्यात प्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हायोलिन बघितलं, १७४३ चं, आवाज इतका दणदणीत की त्याने त्याला तोफ असं नाव ठेवलं होतं.

प्लॅनमध्ये अर्धा दिवस मत्स्यालयाला होता. वाईट नाहीये, १९९२ ला जुन्या बंदराचं रूप बदललं तेव्हाचं आहे, रेन्झो पियानो या जिनोआच्याच आर्किटेक्टचं काम. लहान मुलं असतील तर जरूर जा, आम्हा चौघा मोठ्यांना दीड तास पुरला. कोलंबसचं घर म्हणून दाखवतात ते अठराव्या शतकात परत बांधलेलं आहे, बाहेरून फोटो काढा आणि बाजूचा पोर्ता सोप्राना हा बाराव्या शतकातला वेशीचा दरवाजा नीट बघा. आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सान लोरेन्झो कॅथेड्रल प्लॅनमध्ये फक्त "फोटो स्टॉप" होतं! आत उजव्या हाताला चक्क तोफगोळा ठेवलाय, फेब्रुवारी १९४१ मध्ये ब्रिटिश जहाजांनी शहरावर मारा केला तेव्हा छत फोडून आत आला आणि फुटलाच नाही. बाबा फॅक्टरीत आयुष्य काढलेले, ते त्याच्यासमोरून हलेनात.

जेवणाचं तर विचारूच नका. आई शाकाहारी म्हणून दोन्ही रात्री इंडियन रेस्टॉरंट लिहून ठेवलेलं, आणि एका दिवशी लंच साडेतीनला! तिथे दुपारी बरीच किचन्स बंद होतात ती थेट संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. आम्हाला फोकाच्चाने तारलं, ऑलिव्ह तेलात न्हालेला मऊ पाव, बेकरीत वजनावर कापून देतात. आणि फरिनाता! हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. आईने एक घास घेतला आणि म्हणाली, "अगं हे तर आपलं धिरडं, फक्त मिरची-कोथिंबीर घालायला विसरलेत." मग इंडियन रेस्टॉरंटचं बुकिंग रद्द केलं आणि रोज तेच. बटाटा आणि फरसबी घातलेला पेस्तो (बेसिलची हिरवी चटणी) पास्ताही छान, मात्र त्यात पार्मेझान चीज असतं आणि ते वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने) बनतं, पक्के शाकाहारी असाल तर आधी विचारा.

५ पैकी ३ स्टार, तिन्ही व्हिसा, ट्रेन आणि हॉटेलचे. परत आल्यावर त्यांना हे सगळं सविस्तर लिहून पाठवलं. सोमवारचं म्युझियम आता प्लॅनमधून काढलंय म्हणे, लिफ्ट अजून घातलेली नाही.